साखरेचा त्वचेवर खरोखर परिणाम होतो का? मुलीचे मुरुम, मानेवरचा काळेपणा आणि घरातले कोकम सरबत

प्रश्न : गृहिणी, मालवण

सर्वांना नमस्कार. आमचा कोकम सरबताचा पाक, आंबापोळी, फणसपोळी आणि खाजा करून विकण्याचा घरगुती व्यवसाय आहे. एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत आमच्या पडवीत साखरेची पोती आणि गुळाच्या ढेपा रचलेल्या असतात, आणि घरातली मुले दुपारी तहान लागली की पाण्याऐवजी सरबतच मागतात. पाकासाठी आम्ही रतांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालींच्या दुप्पट वजनाची साखर वापरतो, त्यामुळे तो किती गोड असतो हे वेगळे सांगायला नको.

माझी धाकटी मुलगी १७ वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखरे मुरुम येत आहेत. एक बसतो न बसतो तोच दुसरा वर येतो. त्याहून अधिक काळजी मला तिच्या मानेची वाटते. मानेच्या मागच्या बाजूची त्वचा काळसर झाली आहे, बोट फिरवले तर मऊ पण जाड लागते, तिथल्या बारीक घड्या ठळक झाल्या आहेत, आणि तसाच पट्टा आता काखेतही दिसू लागला आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की हा मळ आहे आणि मुलगी नीट आंघोळ करत नाही. हे ऐकून ऐकून एके दिवशी तिने नारळाच्या सोडणाने मान इतकी घासली की दोन ठिकाणी साल निघाली. आता ती उकाड्यातही मानेभोवती ओढणी गुंडाळून कॉलेजला जाते, आणि हे मला पाहवत नाही.

शेजारच्या काकू सांगतात की आंबा उष्ण असतो, तो बंद करा म्हणजे मुरुम जातील. माझ्या जाऊबाईंनी साखर सोडून सगळ्यात गूळ घालायला सांगितले आहे. मोबाइलवर तर ‘साखर म्हणजे त्वचेचे विष’ असेच सगळीकडे वाचायला मिळते. मी स्वतः ४६ वर्षांची आहे आणि माझ्याही चेहऱ्याची त्वचा सैल पडू लागली आहे. त्याचा संबंध वर्षानुवर्षे घेतलेल्या गोड चहाशी असू शकतो का, हेही मला जाणून घ्यायचे आहे. कृपया ज्यांना या विषयाची नीट माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, रत्नागिरी

ताई, मी आधी मानेविषयी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तिच्यावरच तुमच्या मुलीला सर्वाधिक बोलणी खावी लागत आहेत.

तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे मानेच्या मागे आणि काखेत काळसर, जाड, घड्या ठळक झालेली त्वचा, त्याला वैद्यकीय भाषेत अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. हा मळ नाही, आणि आंघोळीशी त्याचा काहीही संबंध नाही. तरुण वयात याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करत राहते. हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींवरील वाढीला चालना देणाऱ्या ग्राहकांनाही (रिसेप्टरनाही) जाऊन चिकटते, त्यामुळे वरच्या थरातील पेशी गरजेपेक्षा अधिक वेगाने वाढतात आणि ती जागा जाड व गडद दिसू लागते. घासल्याने ती उजळत नाही. उलट आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत घर्षणामुळे रंगद्रव्य अधिक तयार होते आणि काळेपणा वाढतो. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगावे आणि सोडण, घासणी, दगड यांपैकी काहीही त्या मानेला लागू देऊ नये, ही माझी पहिली कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती तपासणीची. उपाशीपोटी रक्तातील साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) या दोन तपासण्या करून घ्याव्यात. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ती सामान्य समजतात, १०० ते १२५ मिलिग्रॅम म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, आणि १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा खात्री करून मधुमेहाचे निदान केले जाते. एचबीए१सीसाठी हेच आकडे अनुक्रमे ५.७ च्या खाली, ५.७ ते ६.४ आणि ६.५ किंवा अधिक असे आहेत. त्याचबरोबर तिची मासिक पाळी नियमित येते का, हनुवटीवर किंवा ओठांवर केसांची वाढ जाणवते का, वजन अलीकडे वाढले आहे का आणि घरात कोणाला मधुमेह आहे का, हेही कळवावे. जबड्याच्या कडेला येणारे दुखरे मुरुम आणि मानेवरचा काळेपणा एकाच मुलीत दिसतात, तेव्हा पीसीओएसचा, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांच्या एका विकाराचा, विचार करावाच लागतो. थायरॉइडचे विकार आणि काही औषधे यांमुळेही मान काळी पडू शकते, म्हणून केवळ फोटो पाहून निदान करणे योग्य नव्हे.

आता मुरुमांविषयी. आहाराचा आणि मुरुमांचा संबंध नाही, असे आम्हा डॉक्टरांना अनेक वर्षे शिकवले जात होते, आणि त्यामागे १९६९ साली अमेरिकेत झालेला चॉकलेटचा एक प्रयोग होता. त्यात काही जणांना चॉकलेटची वडी आणि काहींना चॉकलेट नसलेली तशीच वडी देण्यात आली आणि दोन्ही गटांच्या मुरुमांत फरक दिसला नाही. परंतु त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ तेवढेच होते. त्यामुळे कोकोविषयी त्या प्रयोगातून फार तर काही सांगता आले असते. साखरेविषयी त्यातून काहीच निष्कर्ष निघत नव्हता, तरीही तो निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि अनेक वर्षे तिथेच राहिला.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो २००२ मध्ये. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील सुमारे १२०० लोकांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात एकालाही मुरुम आढळले नाहीत. हे लोक कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ खात होते आणि साखर, मैदा असे पदार्थ त्यांच्या आहारात जवळजवळ नव्हते. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या आहाराशी त्याचे साम्य पाहून मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे, पण अर्थातच त्या लोकांची आनुवंशिकता, श्रम आणि राहणीमान हे सगळेच वेगळे असल्यामुळे श्रेय फक्त आहाराला देता येत नाही. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलग्यांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांचे मुरुम सरासरी २३ ते २४ ने घटले, तर नेहमीचा आहार घेणाऱ्यांचे १२ ने. पहिल्या गटातील मुलांचे वजनही कमी झाले होते, त्यामुळे सुधारणेतला किती भाग वजनाचा आणि किती भाग आहाराचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

यामागची शरीरातील प्रक्रिया मात्र बऱ्यापैकी समजलेली आहे. रक्तातील साखर वेगाने चढली की इन्सुलिन चढते, त्याच्यासोबत आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचा प्रभाव वाढतो, पुरुषी संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते, आणि या सगळ्यांमुळे तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात व रोमछिद्राच्या तोंडाशी पेशी साचून ते बंद होते. आत अडकलेल्या तेलात जिवाणू वाढतात आणि सूज येते. इतके असूनही अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुरुमांच्या उपचारसूत्रांत अशा आहाराची ठाम शिफारस करण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही असे म्हटले आहे, आणि मला ते प्रामाणिक वाटते. म्हणून मी माझ्या रुग्णांना गोड कमी करायला अवश्य सांगतो, पण ‘साखर सोडा, औषधाची गरज नाही’ असे कधीही सांगत नाही. मुरुमांचे खड्डे एकदा पडले की ते भरून काढणे फार कठीण असते, आणि नुसत्या पथ्यावर वेळ घालवल्याने ते पडतात.

उत्तर : आंबा बागायतदार, देवगड

वहिनी, डॉक्टरसाहेबांनी मूळ विषय समजावून सांगितलाच आहे, मी फक्त आंब्याविषयी लिहितो, कारण दर हंगामात आमच्या बागेत हा प्रश्न निघतो.

आंबा खाल्ल्यावर तोंडाभोवती, ओठांच्या कडेला आणि गालांवर जे पुरळ येते ते बहुतेक वेळा आंब्यातल्या साखरेने नव्हे तर चिकाने येते. देठ मोडला की त्या क्षणी जो पातळ चीक उडतो, तो त्वचेला भाजतो हे कोकणात झेला हाती धरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणूनच आम्ही फळ देठासकट काढतो. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. बिब्बा उततो, काजूच्या टरफलातील तेलाने हाताची सालपटे निघतात, त्याच जातीचे पदार्थ आंब्याच्या चिकात आणि सालीतही असतात. काहींना चीक लागताच जळजळ होते, तर काहींना दोन-तीन दिवसांनी खाज आणि बारीक फोड येतात, त्यामुळे ते कशाने झाले हे लक्षातच येत नाही. मुले आंबा सालीसकट तोंडाला लावून चोखतात, तेव्हा तो चीक नेमका ओठांच्या कडेला लागतो. आमच्याकडे फळ आधी पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग धुऊन, साल सुरीने काढून मगच मुलांना फोडी देतात, आणि तेव्हापासून हे पुरळ फारसे दिसत नाही.

तुमच्या मुलीचे मुरुम मात्र वर्षभर येत आहेत, आणि आंबा काही वर्षभर नसतो. तेव्हा सगळा दोष हापूसच्या माथी मारणे मला पटत नाही.

जाता जाता एक गोष्ट विचारतो. आमच्या काकांना बरीच वर्षे मधुमेह आहे. देवासमोर हात जोडताना त्यांचे तळवे आणि बोटे आता एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये फट राहते, आणि हाताच्या पाठीवरची त्वचा ताठ, चकचकीत झाली आहे, चिमटीत धरवत नाही. याचाही साखरेशी संबंध आहे का?

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षक, श्रीवर्धन

देवगडच्या दादांनी काकांच्या हातांविषयी जे विचारले आहे आणि ताईंनी स्वतःच्या सैल पडणाऱ्या त्वचेविषयी जे विचारले आहे, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच रासायनिक क्रिया आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वाटपासाठी कांदा आणि खोबरे भाजताना त्यांचा रंग तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो, त्यात साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील क्रियेचा मोठा वाटा असतो. लुई कामिल मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. तव्यावर ती काही मिनिटांत घडते. आपल्या शरीरात तापमान ३७ अंश असल्याने ती अतिशय संथपणे, पण जन्मभर चालू असते. रक्तातील साखर कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय प्रथिनांना चिकटते, याला ग्लायकेशन म्हणतात. डॉक्टरांनी सुचवलेली एचबीए१सी ही तपासणी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला अशी किती साखर चिकटली आहे याचेच मोजमाप आहे, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो.

त्वचेच्या आतल्या थराच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. तांबडी पेशी चार महिन्यांत बदलली जाते, परंतु त्वचेतील कोलॅजेनचे अर्धे आयुष्यमान सुमारे १५ वर्षे आहे असे मोजमापांतून दिसले आहे. म्हणजे आज त्याला चिकटलेली साखर पुढे कित्येक वर्षे तिथेच राहणार. हळूहळू तिच्यापासून पक्की संयुगे बनतात आणि ती दोन शेजारच्या तंतूंना एकमेकांशी कायमची जखडून टाकतात. असे जखडलेले कोलॅजेन ताठ होते, शरीराच्या विकरांना ते तोडून नवे घालणे अवघड जाते, आणि त्वचेला लवचीक ठेवणाऱ्या इलॅस्टिनचीही अशीच गत झाल्यावर ताणलेली त्वचा पूर्वीसारखी परत जागेवर येत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून त्यांच्या बोटांच्या सांध्यांभोवतालची त्वचा आणि कंडरा आखडतात. नमस्काराच्या वेळी तळवे न जुळणे हे डॉक्टर मुद्दाम तपासून पाहतात असे लक्षण आहे. काकांना ते जाणवत असेल तर त्यांचे डोळे आणि मूत्रपिंड यांचीही तपासणी झालेली असावी, कारण तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरही हाच परिणाम होत असतो.

मधुमेह नसलेल्यांत हा परिणाम किती दिसतो, याविषयी नेदरलँड्समधील लायडन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले एक काम मला उद्बोधक वाटले. त्यात छायाचित्रे पाहून लोकांचे वय किती वाटते याचा अंदाज अनेकांकडून घेतला गेला, आणि ज्यांच्या रक्तातील साखर अधिक त्यांचे चेहरे अधिक वयाचे वाटतात असे आढळले. परंतु फरक किती? मधुमेह नसलेल्यांत साखर १८ मिलिग्रॅमने अधिक असली तर चेहरा सुमारे पाच महिन्यांनी मोठा वाटे. परिणाम आहे, पण ‘विष’ म्हणावा इतका नाही.

ताई, आपण किनाऱ्यावरची माणसे आहोत आणि आपल्या चेहऱ्यावर साखरेपेक्षा उन्हाचा हात कितीतरी अधिक फिरतो. सूर्याची अतिनील किरणे कोलॅजेन थेट तोडतात आणि ग्लायकेशनने बनलेली संयुगेही उन्हात राहणाऱ्या त्वचेत अधिक साचतात. खात्री करायची असेल तर स्वतःच्या दंडाची आतली बाजू आणि हाताची पाठ शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे रक्त तेच, साखर तीच, वयही तेच. मग जो फरक दिसतो त्यातला फार मोठा भाग उन्हाचा असतो. तुम्ही आंबापोळीची ताटे गच्चीवर भर दुपारी वळवत असाल, तर रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर तुमच्या चेहऱ्यासाठी चहातली साखर कमी करण्याइतकाच, किंबहुना अधिक उपयोगी ठरेल. बिडी-सिगारेटचा धूरही ही संयुगे वाढवतो, हे घरातल्या पुरुषांना अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ती : गृहिणी, मालवण

सर्वांचे मनापासून आभार. दंडाची आतली बाजू आणि हाताची पाठ शेजारी ठेवून पाहिली आणि फरक पाहून खरोखर आश्चर्य वाटले.

मुलीची तपासणी करून घेतली. उपाशीपोटी साखर १०८ आली आणि एचबीए१सी ५.९ आहे. पाळी नियमित नाही, कधी कधी दोन-दोन महिने येत नाही. परीक्षेच्या ताणाने असे होत असेल असे आम्ही धरून चाललो होतो. वजन वाढले आहे आणि माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता. डॉक्टरांचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनीच नातीला जवळ घेऊन मानेला खोबरेल लावले.

आता घरात नेमके काय बदलायचे, हे कोणी सांगेल का? गुळाचे काय? आणि ज्या घरात पाकाची पातेली चुलीवर आहेत त्या घरातल्या मुलीला गोड देऊ नका म्हणणे कितपत जमेल?

उत्तर : आहारतज्ज्ञ, चिपळूण

ताई, गुळाचा प्रश्न आधी मोकळा करते. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे, परंतु त्याचाही बहुतांश भाग सुक्रोजच असतो आणि रक्तातील साखर तो साखरेसारखीच वाढवतो. काकवी आणि मधही रक्तातील साखर वाढवतातच. मधात तर फ्रुक्टोजचे प्रमाण मोठे असते, आणि प्रयोगशाळेत पाहिले तर फ्रुक्टोज प्रथिनांना ग्लुकोजपेक्षा अधिक वेगाने चिकटते. चवीसाठी गूळ आवडत असेल तर जरूर वापरा, पण त्वचेसाठी म्हणून चहात दोनऐवजी तीन चमचे गूळ घालण्यात काहीच हित नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. आपल्या घरात किती साखर जाते हे कळायला वजनकाटा लागत नाही, महिन्याच्या किराणाची यादी पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर संपत असेल, तर माणशी दररोज सुमारे ४२ ग्रॅम झाली, आणि त्यात बिस्किटे, टोस्ट, थंड पेये व बाहेरची मिठाई धरलेलीच नाही. तुमच्याकडे व्यवसायाची साखर आणि घरची साखर एकाच पोत्यातून निघत असेल तर हा हिशेब कधीच लागणार नाही, म्हणून घरची साखर वेगळ्या डब्यात मोजून काढावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या घरात सर्वांत मोठी बाब आहे ती सरबताची. सालींच्या दुप्पट साखरेचा पाक पेल्यात ४० मिलिलिटर घातला तरी सुमारे ३० ग्रॅम साखर जाते, म्हणजे दोन पेल्यांत दिवसाची कमाल मर्यादाही ओलांडली जाते. शिवाय प्यायलेली साखर चावून खाल्लेल्या अन्नापेक्षा लवकर रक्तात उतरते आणि तिने पोट भरल्यासारखे वाटत नाही. सुदैवाने याचा पर्याय तुमच्याच घरात आहे. मिठातले आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) पाण्यात घालून, जिरेपूड आणि थोडी कोथिंबीर टाकून प्यायला द्यावे; उकाड्यात घामावाटे जाणारे मीठही त्यातून थोडे भरून निघते. मात्र ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते बेताने घ्यावे. जेवणातली सोलकढीही तशीच, तिच्यात साखर घालायची गरजच नसते.

आंब्याला मात्र मी बंदी घालणार नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे १४ ग्रॅम साखर असते, पण ती तंतूंसह येते, त्यामुळे अख्ख्या फळाने रक्तातील साखर पाकासारखी उसळत नाही, आणि कोलॅजेन तयार व्हायला लागणारे जीवनसत्त्व क त्यात चांगले असते. दिवसाला एक मध्यम हापूस फोडी करून, जेवणानंतर गोड म्हणून न खाता मधल्या वेळेस खाल्ला तर मुलीला चालेल. वाटीभर आमरस वरून साखर घालून आणि त्यासोबत पुऱ्या, हे मात्र सध्या टाळावे.

दुसरी गोष्ट अशी की केवळ गोड चवीकडे पाहून चालत नाही. पॉलिश केलेल्या तांदळाचा मऊ भात, पाव, खारी आणि बटर यांचीही शेवटी साखरच होते. आपल्याकडचा उकडा तांदूळ त्या मानाने सावकाश पचतो, आणि त्याच्यासोबत बांगडा किंवा तारली, कुळथाची पिठी, वालाची उसळ, टाकळ्याची किंवा शेवग्याची भाजी असे काही असले की तोच भात रक्तातील साखर कमी वेगाने चढवतो. ताटात भात वाटीने मोजून आणि मासे-भाजी-उसळ हात न आखडता, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. सकाळी चहा-बिस्किटांऐवजी आंबोळी किंवा घावन चटणी-उसळीबरोबर द्यावे. चहा हवाच असेल तर त्यातली साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी, जीभ महिनाभरात सरावते. संध्याकाळी चालणे किंवा सायकल यांना मी आहाराइतकेच महत्त्व देते, कारण स्नायू काम करू लागले की तेच रक्तातील साखर उचलतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो.

चतुर्थीला उकडीचे मोदक, नारळी पौर्णिमेला नारळीभात, घरात पाहुणे आले तर शिरवळ्यांबरोबर गोड रस, हे सगळे तिला सर्वांबरोबर बसून खाऊ द्यावे. सणाच्या दिवशी एका मुलीचे ताट वेगळे काढले तर ती चोरून खाईल आणि स्वतःच्या शरीराचा राग करू लागेल, आणि १७ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला त्याचीच भीती अधिक वाटते. जो बदल करायचा तो साऱ्या घराने करावा. तिला वाढीसाठी प्रथिने आणि लोह हवेच आहे, म्हणून जेवण कमी करून वजन घटवण्याच्या कोणत्याही सल्ल्याकडे तिला जाऊ देऊ नये.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, रत्नागिरी

ताई, दोन्ही आकडे उंबरठ्यावरच्या अवस्थेतले आहेत, म्हणजे अजून मधुमेह झालेला नाही आणि या टप्प्यावर बराचसा बदल मागे फिरवता येतो. पाळी अनियमित आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून पीसीओएससाठी संप्रेरकांची तपासणी आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. या दोन्ही गोष्टी एकाच मुळाच्या असू शकतात आणि तसे असल्यास उपचारही एकत्रच ठरवावे लागतील. परीक्षेच्या ताणावर हे सोडून देऊ नये.

मानेचा काळेपणा आतले इन्सुलिन खाली आले की फिकट होत जातो, पण त्याला काही महिने लागतात, म्हणून दर आठवड्याला आरशात पाहून निराश होऊ नये. वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी इन्सुलिनच्या कार्यात चांगला फरक पडतो. दरम्यान सासूबाईंचे खोबरेल मानेला चालेल. चेहऱ्यावर मात्र लावू नये, कारण मुरुमांच्या त्वचेत ते रोमछिद्रे बुजवते.

मुरुमांसाठी अडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेली मलमे उपयोगी पडतात, पण ती आपल्या जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सुरू करावीत. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडते आणि तेव्हाच बहुतेक मुली ती सोडून देतात. उन्हात निघताना सनस्क्रीन लावावे, विशेषतः अडापलीन सुरू असताना. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी ‘गोरे करणारी’ मलमे मानेला किंवा चेहऱ्याला मुळीच लावू देऊ नयेत. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम दुपटीने उसळतात, आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते. असे चेहरे घेऊन येणाऱ्या मुली माझ्याकडे सतत येतात, आणि त्यांतल्या कित्येकींची मूळ तक्रार केवळ मानेच्या काळेपणाची असते.

देवगडच्या दादांना एक सूचना. काकांना पावसात शेतात उतरावे लागत असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांकडे रोज लक्ष द्यावे. साखर वाढलेली असताना तिथे बुरशी आणि जिवाणू सहज वाढतात, पायाची संवेदना कमी झालेली असते म्हणून दुखतही नाही, आणि साधी भेग पाय सुजेपर्यंत लक्षात येत नाही. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत आणि तळवे कोणा दुसऱ्याने उजेडात पाहावेत.

ताई, तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करावी. त्याआधी करण्यात अर्थ नाही, कारण तोवर जुन्याच तांबड्या पेशी बऱ्याच शिल्लक असतात. अहवाल येईल तेव्हा इथेच लिहावे.